श्रीपतीने सर्व्हिस परत केली

आंबेवडी गावात श्रीपती नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्याबरहुकूम करायचा. म्हणूनच लोक त्याला काम सांगायचं टाळत.

गावच्या वाचनालयात टेबल टेनिसचं टेबल होतं. शेजारच्या सोनगावशी दरवर्षी सामना व्हायचा आणि विजेत्याची ढाल दरवर्षी सोनगावलाच जायची. यंदा तर गावाचा एकुलता एक खेळाडू हात मोडून घरी बसला. उरला श्रीपती. हात चपळ, डोकं मोकळं. ग्रंथपाल शकुंतलाबाई तरुणपणी जिल्ह्याकडून खेळलेल्या. त्यांनी त्याला शिकवायला घेतलं.

"आधी समोरच्याची सर्व्हिस वाचायला शीक," असं म्हणून बाईंनी चेंडू टाकला.

श्रीपतीने तो झेलला आणि डोळ्यांजवळ धरला. "बाई, कंपनीचं नाव आहे. खाली चांदण्या आहेत. पुढं कोरं."

"अरे, चेंडू नाही वाचायचा! माझ्या मनगटावर नजर ठेव."

पुन्हा सर्व्हिस. चेंडू श्रीपतीच्या कानाजवळून गेला. नजर काही ढळली नाही.

"दिसलं काही?"

"दिसलं. तुमचं घड्याळ बंद पडलंय."

बाईंनी घड्याळ काढून ठेवलं. "मनगट खालून फिरलं की आपला चेंडू जाळीत अडकतो. तेव्हा खालून उचलायचं. कळलं?"

"कळलं."

मनगट खालून फिरलं. श्रीपतीने वाकून टेबलच उचललं. चेंडू जाळीवरून टुणकन उडून बाईंकडे गेला. श्रीपतीला वाटलं, जमलं!

बाई खुर्चीत बसल्या. पाणी प्यायल्या. मग हात जोडून म्हणाल्या, "बाबा रे, वाचू नकोस, बघू नकोस, उचलू नकोस. समोरून जे येईल ते बॅटनं ताबडतोब परत करायचं. आपल्याकडे काही म्हणून ठेवायचं नाही."

हे मात्र श्रीपतीला मनापासून पटलं. दुसऱ्याची वस्तू ठेवायचीच कशाला?

सामन्याच्या दिवशी समोर होता सोनगावचा देशमाने, पक्का फसव्या. खांदा डावीकडे दाखवायचा, चेंडू उजवीकडे टाकायचा. पाय आपटायचा. मनगट असं गरगर फिरवायचा की भलेभले चकत. श्रीपतीने यातलं काहीच पाहिलं नाही. आलं ते परत केलं. एवढी कला दाखवूनही समोरचा फसायलाच तयार नाही, म्हणून देशमाने रडकुंडीला आला आणि आपणहूनच चुकत गेला.

आंबेवडी जिंकली! लोकांनी श्रीपतीला खांद्यावर घेऊन नाचवलं. बाईंनी डोळ्यांना पदर लावला. आपल्याला अक्कल आहे, असं श्रीपतीला जन्मात पहिल्यांदाच वाटलं.

सोनगावचे सरपंच जड मनानं ढाल घेऊन त्याच्यासमोर आले. "घ्या श्रीपतराव, तुमची ढाल."

श्रीपतीच्या हातात बॅट होतीच.

ठण्ण!

ढाल सरपंचांच्या पोटात बसली. तशीच ती कवटाळून ते जे जीपकडे पळाले, ते थेट सोनगावातच थांबले.

सगळं गाव आ वासून उभं. श्रीपती घाम पुसत बाईंकडे वळला.

"बघितलंत बाई? एवढी जड होती, तरी ठेवली नाही!"