द्वारकेनं वाटलेली रोपं

“मग यात माझी चूक कुठं आहे, सांगा ना बाबा! एक तरी दाखवा!”

सुकदेव महाजन उभ्याउभ्याच ओरडत होते. डोक्यावर हॅट, अंगात रेल्वेचा कोट आणि वर फाल्गुनाचं ऊन. माणूस आधीच तापलेला, त्यात हे.

नूरशाबाबा फकीर वडगव्हाण स्टेशनामागच्या आपल्या तकियात, झोपडीपुढच्या लिंबाखाली बसून अंबाडीचा दोर वळत होते. त्यांनी दोराचं एक टोक पुढं केलं.

“हे धरा जावईबापू. नुसते उभेच आहात.”

साऱ्या लाइनीवर सुकदेवरावांना लोक साहेब म्हणत. पण बायको वडगव्हाणची, म्हणून या गावात ते जावईबापू. त्यांनी टोक धरलं. हात अडकला, तोंड मात्र मोकळंच राहिलं.

सुकदेवराव रेल्वेचे शेतकी एजंट होते. म्हणजे आगगाडीला माल मिळावा म्हणून कंपनीनं शेतात सोडलेला माणूस. महिन्यातले वीस दिवस ते कंपनीच्या डब्यात राहायचे, स्टेशनास्टेशनावर उतरायचे आणि गावोगाव सांगत फिरायचे, की ज्वारी पुरे झाली, आता शहरात खपेल असं काही लावा. उरलेले दहा दिवस घरी. त्यातलेही निम्मे अहवाल लिहिण्यात जायचे.

यंदा त्यांनी वडगव्हाणला टमाटे लावायला लावले. पीक असं आलं की बघत राहावं. आणि ते सगळं याच स्टेशनाच्या फलाटावर सडलं. नऊ दिवस गावात नाक उघडायची सोय नव्हती.

“तीस डबे मागितले मी. आले किती? चार! चार, बाबा! काही लाजलज्जा? आणि वर मोठा साहेब लिहितो, खेद वाटतो. अरे, तुझा खेद काय लोकांनी चाटायचाय?”

“खरं आहे,” बाबा म्हणाले.

“कंपनीनं गळा कापला गावाचा.”

“कापला.”

“मग त्याची शिक्षा माझ्या घराला का?”

बाबा दोराला पीळ देत राहिले.

घराचं असं झालं होतं, की सुकदेवरावांची बायको द्वारका दीड महिन्यापासून माहेरी येऊन राहिली होती. रुसून आली असती तर साडी घेऊन समजूत काढता आली असती. पण ही बाई रुसलीच नव्हती. रोज सकाळी उठून गावातल्या एका घरी जायची आणि दिवसभर त्यांच्या मळ्यात राबायची. वाफे करायची, वांग्या-मिरचीची रोपं लावून द्यायची, पाणी पाजायची. आज या घरी, उद्या त्या घरी. रेल्वेच्या साहेबाची बायको, पदर खोचून, गुडघाभर चिखलात!

आणि सुकदेवरावांची बदली झाली होती. चारशे मैल लांब, दुसऱ्या लाइनीवर. आज चारच्या गाडीला त्यांचा डबा जोडला जाणार होता. द्वारका सोबत आली नाही, तर ती पुन्हा आपल्या घरात कधी दिसेल, याची त्यांना खात्री वाटत नव्हती. ती धास्ती रागाच्या रूपानं तोंडातून बाहेर पडत होती.

“तुमचं ती ऐकते, बाबा. लहानपणापासून ऐकते. तुम्ही फक्त म्हणा, पोरी, आपल्या घरी जा. बस्स.”

“तुमची चूक आहे, असं म्हणाली ती?”

“तेच तर! म्हणतच नाही काही. भांडली असती तर परवडलं असतं. सासरेही तसेच. सकाळी गेलो तर पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं. जसं काही घडलंच नाही. माणसानं बोलायचं तरी कुणाशी?”

“मला एक सांगा. साऱ्या गावानं एकाच आठवड्यात रोपं लावायची, हे कंपनीनं सांगितलं?”

“नाही. ते मी ठरवलं.”

“का बरं?”

“माल एकदम निघावा म्हणून. पुरी गाडी भरावी म्हणून. आज चार टोपल्या, उद्या सहा, असा सुटा माल कोण उचलणार? कागदावर किती चोख होतं ते! तुम्हाला नाही कळायचं.”

“नाहीच कळायचं,” बाबा म्हणाले. “आणि ते तीस डबे? देतो म्हणाले होते?”

“पत्र लिहिलं होतं मी. एक नाही, तीन!”

“उत्तर काय आलं?”

सुकदेवरावांनी हॅट काढली. कपाळ पुसलं.

“उत्तर... आलं नव्हतं.”

“मग लावणी थांबवली?”

“थांबवून कसं चालेल? हंगाम निघून गेला असता! उत्तरं नेहमी उशिराच येतात तिथून. म्हणजे आता तुम्हीसुद्धा मलाच धरणार का? वा! कंपनी मोकळी, मोठा साहेब मोकळा, आणि उन्हातान्हात बारा वर्षं गावं पालथी घालणारा मी चोर!”

त्यांनी हातातलं टोक फेकून दिलं. सगळा पीळ भर्रकन सुटला आणि अंबाडी मातीत पसरली.

बाबांनी ती गोळा केली, झटकली, आणि पहिल्यापासून वळायला बसले.

तेवढ्यात द्वारका आली. पाय चिखलानं भरलेले, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. ज्या घरी काम असेल तिथून दुपारची भाकरी बाबांना ती आणून द्यायची. नवऱ्याला बघून तिनं पदर सारखा केला.

“जेवलात का?”

“जेवण गेलं खड्ड्यात! चारला गाडी आहे.”

“ठाऊक आहे. स्टेशनमास्तर सांगत होते.”

“मग चल.”

“काम उरकलं की येते.”

“कसलं काम गं? नुकसान कंपनीनं केलं, ते निस्तरणारी तू कोण?”

आता मात्र द्वारका भडकली.

“कंपनीला इथं ओळखतंय कोण? रोपं मी दिली. क्वार्टरच्या मागं रॉकेलच्या डब्यांत मी वाढवली, ओल्या गोणपाटात गुंडाळून मी आणली, घरोघर बायकांच्या पदरात मी घातली. आमचे हे सांगताहेत, डोळे मिटून लावा, असं म्हणून घातली! या गावात रोप कुणी विकत नाही. आणि दिलेलं रोप वाया गेलं, तर देणारीनं दुसरं न्यायचं आणि आपल्या हातानं लावून द्यायचं. माझी आजी करायची, आई करायची. तुम्हाला माहीत नसेल. मला आहे.”

“पण रोपं वाया गेली कुठं? पीक तर पहिल्या दर्जाचं आलं होतं! मी अहवालात...”

“हे माझ्या वडिलांना जाऊन सांगाल? तुमच्या शब्दाखातर सगळ्यात आधी लावणी त्यांनी केली. आणि फलाटावरचा टमाट्यांचा चिखल टोपलीनं उपसत होते, तेव्हा त्यांनी तुमचं नावसुद्धा काढू दिलं नाही कुणाला. जा, सांगा त्यांना, पहिल्या दर्जाचं होतं म्हणून!”

द्वारकेनं भाकरी बाबांपुढं ठेवली. डोळे पुसले, पण राग काही पुसला नाही. आली तशी मळ्याच्या वाटेनं भराभर निघून गेली.

...

स्टेशनावर कुणीतरी घंटा दिली. मालगाडी असावी. सुकदेवरावांनी घड्याळ काढलं, बघितलं, परत ठेवलं. मग धपकन खाली मातीत बसले. कोटाचा विचारही केला नाही.

“किती घरांत वाटली होती तिनं रोपं?” त्यांनी विचारलं.

“बासष्ट.”

“झाली किती?”

“चाळीस.”

“म्हणजे अजून बावीस दिवस!” ते पुन्हा उसळले. “बावीस दिवस काय थट्टा आहे, बाबा? मला तिकडं हजर व्हायचंय. माझी नोकरी जाईल. बावीस दिवस कुठून आणू मी? तुम्हीच सांगा, कुठून आणू?”

बाबांनी दोर बाजूला ठेवला. भाकरी मोडली आणि अर्धी त्यांच्या हातात दिली.

“दोघं असाल तर अकरा.”