मरळींचा हौद

रंगाऱ्यांच्या एका गावात एक वृद्ध गुरुजी राहत असत. गावाचा रिवाज असा, की नदीत काहीही नवं सोडायचं झालं, तर ते आधी गुरुजींच्या हौदात पडलं पाहिजे. हौदातल्या माशांना ते मानवतं की नाही हे पाहून गुरुजी शब्द देत आणि त्या शब्दावर पंच निर्णय करीत. गुरुजींच्या हाताखाली एक शिष्य होता. बुद्धीने तल्लख, कामाला चोख. धीर मात्र बेताचाच.

त्या गावात एका व्यापाऱ्याने एक पांढरी भुकटी आणली. ती घातली की कापडावरचा रंग उन्हाने विटत नसे, धुण्याने उतरत नसे. रंगारी हरखून गेले. पण कापड धुतलं की भुकटी नदीत जाणार, आणि गावातल्या भोयांचं पोट त्या नदीतल्या मासळीवर. तेव्हा रिवाजाप्रमाणे भुकटी आधी गुरुजींकडे आली.

गुरुजींनी दोन हौद नदीच्या पाण्याने भरवले. दोन्हींत मरळ माशांच्या सारख्याच जोड्या सोडल्या; सारखं शेवाळ, सारखं खाणं. फरक एवढाच, की एका हौदाचं पाणी बदलताना त्यात चिमूटभर भुकटी पडे. धुलाई सुरू झाल्यावर नदीच्या पाण्यात जेवढी उतरेल, त्याच प्रमाणात.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! आठवडाही उलटला नसेल, तोच व्यापारी हौदापाशी हजर.

"काय गुरुजी, मेला का एखादा मासा?"

"नाही."

"मग द्या की शब्द!"

"इतक्यात नाही देता येणार, शेटजी."

उन्हाळा सरला, पाऊस लागला, नदी गढूळ होऊन पुन्हा निवळली. व्यापारी येई, तोच प्रश्न विचारी आणि तेच उत्तर घेऊन परत जाई. आता गोड बोलून भागेना, तेव्हा त्याने नखं बाहेर काढली. गुरुजींचं घर आणि ते हौद त्याच्याच जागेत होते. "येत्या पौर्णिमेच्या सभेत शब्द मिळाला नाही, तर जागा खाली करा," त्याने बजावलं.

शिष्य धास्तावला. लहानपणीच पोरका झालेल्या त्या पोराला या घराखेरीज जगात दुसरा उंबरठा नव्हता. भीतीपाठोपाठ त्याला राग आला, आणि तो गुरुजींचाच.

"गुरुजी, मासे ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "भुकटीच्या हौदातल्या मरळी तर जास्तच तुकतुकीत दिसतात. जे डोळ्यांना दिसतं तेच बोलायचं, तर त्यात आडमुठेपणा कशाला?"

"तू रोज हौदात काय पाहतोस?" गुरुजींनी विचारलं.

"मासे."

"तेवढेच पाहतोस," एवढं बोलून गुरुजी पाणी बदलायला उठले.

पौर्णिमेला सारा गाव हौदांभोवती जमला. भुकटीच्या हौदात मरळी सळसळत होत्या. लोकांनी माना डोलावल्या. व्यापाऱ्याने तर पेढ्यांची करंडी सोबतच आणली होती. तेवढ्यात गुरुजींनी एक विचित्र गोष्ट केली. डौलदार मरळींकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खांद्यावरचा पंचा काढला, त्याची दोन टोकं शिष्याच्या हाती दिली आणि ते हौदाचं पाणी गाळू लागले.

"म्हाताऱ्याला चळ लागला की काय!" कोणीतरी म्हणालं, आणि हशा पिकला.

साध्या पाण्याच्या हौदातून पंचा वर आला, तेव्हा त्यात मरळीच्या तांबूस पिल्लांचा थवा वळवळत होता. गुरुजींनी तो लगेच पाण्यात सोडला. मग पंचा भुकटीच्या हौदातून फिरला. त्यात परवाच घातलेली, पण पांढरीफटक पडलेली अंडी निघाली. सोबत चार-दोन पिल्लं होती. पाठीत वाकलेली, मेलेली. जिवंत असं त्यात एकही नव्हतं.

"अंड्यांचं काय घेऊन बसलात?" व्यापारी कडाडला. "मी विचारलं तेवढं सांगा. मासा मेला का?"

"नाही मेला," गुरुजी शांतपणे म्हणाले. "शेटजी, तुम्ही लेक दिलीत, तर सासरच्या माणसाला काय विचारता? 'जिवंत आहे ना,' असं? की 'नांदते ना,' असं? जे विष एका दिवसात मारतं, ते बिचारं प्रामाणिक. ते लपत नाही. तुमची भुकटी आजचा मासा तुकतुकीत ठेवते आणि उद्याचा जन्मूच देत नाही. म्हातारे मासे आपल्या मरणाने मरतील. मग डोह रिकामा होईल, आणि तेव्हाही तुम्ही म्हणाल, आम्ही एकही मासा मारला नाही. मी शब्द देणार नाही. आज नाही, कधीच नाही."

व्यापारी शिष्याकडे वळला. त्याचा आवाज मऊ झाला. "तू शहाणा आहेस, बाळ. पंचांना फक्त खरं सांग. मासा मेला नाही, एवढंच. घर तुझ्या नावावर करतो."

शिष्याच्या हातात अजून तो ओला पंचा होता. इतके महिने तो रोज त्या हौदापाशी बसला होता आणि त्याने फक्त मोठे मासेच पाहिले होते. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेत घर जाण्याची भीती कुठे गेली ते त्याला कळलंच नाही. तो पंचांपुढे गेला आणि पंचा त्यांच्यासमोर अंथरला.

"मासा मेला नाही," तो म्हणाला, "आणि या हौदात एकही पिल्लू जगलं नाही. दोन्ही खरं आहे. अर्धंच सांगायला सांगाल, तर माझ्या तोंडून तेही निघणार नाही."

पंचांनी तिथेच निवाडा दिला: भुकटी नदीत उतरणार नाही.

"मग संध्याकाळच्या आत माझी जागा खाली करा!" व्यापारी ओरडला.

"संध्याकाळ कशाला, शेटजी?" शिष्य म्हणाला. "निघालोच." त्याने गुरुजींची वळकटी खांद्यावर घेतली. वाट पुढे कुठे जाते, हे त्याने विचारलंही नाही.

जिवंत आहे ना, एवढं विचारणाऱ्याला जग आसन देतं. नांदतं ना, असं विचारणाऱ्याला कधी कधी घर सोडावं लागतं. तरी विचारावं.