बारमाही नेमणूक

शके १८६७, भाद्रपद वद्य प्रतिपदा. वर्षा ऋतू सरत आला होता. त्या दिवशी कोंडवली गावच्या कावळ्यांनी पिंपळावर सभा भरवली.

“पंधरा दिवस आपल्याला पितर समजून पानावर बोलावतात आणि उरलेले साडेअकरा महिने दगड मारतात,” वृद्ध एकाक्ष म्हणाला. “वैशाखात माझी कावळीण उपाशीपोटी अंड्यांवर बसली होती. पंधरवड्याच्या चाकरीवर संसार चालत नाही. नेमणूक बारमाही होईपर्यंत कोणीही घासाला शिवायचे नाही.”

“पण आजोबा, वडे असतात हो,” एक तरुण कावळा पुटपुटला.

“असोत. वास घ्यावा.”

सर्वपित्री अमावास्या उजाडली, तरी एकही घास शिवला गेला नव्हता. दाबक्यांच्या परसात गोदाकाकू दुपारपर्यंत हात जोडून उभ्या होत्या. घरातली सगळी मंडळी उपाशी होती.

“अहो, बांधाचा वाद मिटवते,” त्यांनी दिवंगत यजमानांना विनवले. कावळे हलले नाहीत. “अहो, तुमची छत्री कुणाला देणार नाही.” तरीही नाही.

“सासूबाई, कावळ्यांना रोज मूठभर भात घालू म्हणा,” सून यशोदा हळूच म्हणाली.

काकूंनी एकदा भाताच्या पातेल्याकडे पाहिले. “बरे. रोज मूठभर.”

सर्व माना एकाक्षाकडे वळल्या. तो जागचा हलला नाही. “या बाईंची मूठ मी ओळखून आहे,” तो म्हणाला. “तीत सात शिते मावतात.”

“भात मी घालीन,” यशोदा म्हणाली.

एकाक्ष तत्काळ खाली उतरला आणि त्याने प्रथम वडा उचलला.

“ह्यांना सुनेचा भारीच लळा,” काकू म्हणाल्या, आणि अमावास्येच्या त्या दुपारी प्रकरण कायमचे मिटले.