उकंडा सोंगाड्याच्या दोन आया

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. मोजणारेही गेले आणि मोजून घेणारेही. पूर्णेच्या काठी चिंचखेडात पुंजाबाई नावाची बाई राहत होती. तिला तीन पोरं झाली आणि तिन्ही गेली. दर वेळी एक ओल्या पदराची बाई दारात यायची. ती आली की गल्लीतली कुत्री भुंकायची नाहीत, भिंतीला चिकटून बसायची. बाई पाणी मागायची आणि विचारायची, "लेकरू कोनाचं व?" पुंजाबाई कौतुकानं सांगायची, "माहं." मग बाई पोराच्या गालावरून हात फिरवून निघून जायची. दिवेलागणीला पोराला ताप भरायचा आणि सकाळी पाळणा रिकामा. त्या बाईचं नाव गावात कुणी घेत नाही. आपणही घ्यायचं नाही.

चौथा झाला तेव्हा पुंजाबाईनं त्याला उकिरड्यावर लोळवलं, नाक टोचलं, नाव ठेवलं उकंडा. एवढं काय, लेकरं न जगणाऱ्या सगळ्याच जणी करतात. पुंजाबाईचं मन तेवढ्यानं भरेना. ती त्याला रोज वेगळं सोंग द्यायची. आज बांगड्या भरलेली पोर, उद्या राख फासलेला गोसावी, परवा काठी टेकत चालणारा म्हातारा. "आंधी पाय बदल, मंग कपडे," असं ती त्याला बजावायची, कारण मरण चालीवरून माणूस ओळखतं, असं म्हणतात. कुणी विचारलंच तर सांगायची, "शेजारचं हाये." चारचौघांत तिनं त्याला कधी मांडीवर घेतलं नाही. गाव पोट धरून हसायचं, पोरगंही हसायचं, आणि पुंजाबाई आत चुलीपुढे बसून रडायची.

उकंडा पाच-सहा वर्षांचा झाला. एका दुपारी गल्लीतली कुत्री गप्प झाली आणि ती बाई उंबऱ्यावर येऊन बसली. पोरगं घरातच होतं, अंगावर कसलंच सोंग नव्हतं, आणि घराला मागचं दारही नव्हतं.  उकंडा बाईकडे टक लावून बघत राहिला. मग त्यानं आईचं जुनं लुगडं ओढलं, त्याचा पदर माठात बुडवला, डोक्यावर घेतला आणि बाईच्या समोर जाऊन बसला. तीच मान, तेच पापणी न हलवता बघणं. "व बाई, पानी दे," तो म्हणाला, आणि आवाजही तोच.  समोर बसलेल्या दोघांत आपलं कोण, हे घटकाभर पुंजाबाईलाही कळेना, असं म्हणतात.

बाईनं बराच वेळ त्याला न्याहाळलं. "हे तं हुबेहूब माह्यासारखं हाये," ती म्हणाली. "माहंच हाये काय व?"

आपलं म्हणावं तर नेणार. शेजारचं म्हणावं तर शेजारचं म्हणून नेणार. पुंजाबाईनं काळजावर दगड ठेवला. "हो माय," ती म्हणाली, "तुहंच हाये."

स्वतःचं लेकरू कोण नेतं? बाई हसली. तिला हसताना त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. उकंडाच्या गालावर हात ठेवून ती निघून गेली. ताप आला नाही. पण तो गाल भर वैशाखातही गार असायचा आणि त्यावर सोंगाचा रंग कधी धरला नाही, असं म्हणतात.

पुढे उकंडा दंडारीतला, म्हणजे गावोगावी रंगणाऱ्या नाच-सोंगांच्या खेळातला, सोंगाड्या झाला. त्याच्यासारखा हसवणारा अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नव्हता. खेळाच्या एका कडेला पुंजाबाई बसायची, समोरच्या कडेला ओल्या पदराची बाई. दोघीही हसायच्या. पुंजाबाईला हसणं भागच होतं. नजरेत माया दिसली असती तर दिलेला शब्द खोटा पडला असता. मरतानासुद्धा तिनं त्याला "सोंगाड्या, पानी पाज रे" अशीच हाक मारली. एवढं मोठं काळीज कुठून आणलं होतं त्या माउलीनं, देव जाणे.

चिंचखेडात अजूनही दंडार उभी राहिली की दुखणाईत लेकरांच्या आया पुढे येतात. उकंडाचं नाव घेऊन लेकरू सोंगाड्याच्या हातात देतात आणि मागे सरतात. तो लेकराला काजळी फासतो आणि खांद्यावर घेऊन नाचतो. लेकरू घाबरतं, गर्दीकडे हात पसरून "माय, माय" करतं. आई तिथंच उभी असते. ती सगळ्यांबरोबर हसते, आणि खेळ संपेपर्यंत ओ देत नाही.