पळीला लागलेला घोर

भांडी एकमेकांशी बोलायची, त्या काळातली गोष्ट. एका घरात सकाळीच गाडग्यातल्या कोमट दुधाला विरजण लावलं होतं. दूध तेवढंच होतं आणि रात्री पाहुणे जेवायला यायचे होते. खुंटीवरच्या पळीच्या जिवाला घोर लागला.

थोड्या वेळाने ती गाडग्यात उतरली आणि तळापर्यंत ढवळून आली. "अजून पातळच!" पुन्हा गेली, पुन्हा ढवळलं. नुकतं कुठे जमू लागलेलं दूध परत हललं.

पळी रडवेली झाली. "मी एवढी काळजी घेते, तरी हे मेलं लागत कसं नाही?"

गाडगं म्हणालं, "अगं बाई, पाळण्यातल्या बाळाला हलवून 'झोपलास का' विचारलंस, तर ते जागंच सापडणार ना!"

"मग मला कळायचं कसं?"

"माझ्या अंगाला टेकून बस. ऊब लागतेय तोवर समज, आत काम चाललंय."

पळी टेकून बसली. कितीदा तरी आत डोकावावंसं वाटलं, पण तिने स्वतःला आवरलं.

दिवेलागणीला घरच्या बाईने पळी दह्यात खुपसली आणि हात काढून घेतला. पळी तशीच ताठ उभी राहिली.