ठकूबाईचा उलटा फेरा

फार फार वर्षांपूर्वी, निंबदऱ्याच्या तलावाला नुकतीच लोखंडी झडप बसली होती, तेव्हाची ही गोष्ट. ऐकणाऱ्यांनी हुंकार द्यावा, नाहीतर सांगणाऱ्यालाच झोप येते.

त्या साली तलाव काठोकाठ भरलेला, आणि खाली ज्वारी पोटऱ्यात येऊन पाण्यावाचून माना टाकत होती. झडप उघडायचं बिडाचं चाक जाम झालं. पाटलांनी पहार घालून गडी लावले. चाक फिरलं, पण नुसतंच फिरलं. त्याला दांड्याशी धरून ठेवणारा बोल्ट आतल्या आत तुटला होता. नवा बोल्ट होता, पण जुन्याचा तुकडा गंजून भोकात घट्ट बसलेला. तो निघेल तेव्हाच पाणी सुटणार.

गावाबाहेर घिसाड्यांची पालं पडली होती. त्यांतल्या ठकूबाईचा घण पंचक्रोशीत वाजायचा. पाटलांनी तिलाच बोलावलं.

"ठके, हाण घण. पण चाक फुटलं, तर उद्या पालं उठवायची!"

ठकूबाईने पालांकडे पाहिलं. पालात सुनेचे दिवस भरले होते, ती गाडीत कशी बसणार? आणि बीड घणाखाली मडक्यासारखं फुटतं, हे तिला ठाऊक होतं.

तिने घण बाजूला ठेवला. भोकाभोवती निखारे लावले, लोखंड तापल्यावर करडईचं तेल सोडलं आणि बसून राहिली. पाटील तडकले.

"पाटील, अडलेल्या बाईला कुणी घण मारतं का? तेलाला आत जाऊ द्या."

असं म्हणतात, ती त्या तुकड्याशी लेकीशी बोलावं तसं बोलत होती.

उन्हं कलली तशी तिने तुकड्याच्या कडेला छिन्नी टेकवून हलके ठोके द्यायला सुरुवात केली. लोक ओरडले, "अगं, उलटं! आवळतीयास की!"

"ठावं हाय. आधी त्याचं ऐकायचं, मग आपलं सांगायचं."

गंज कर्रकन बोलला. मग तिने छिन्नीचं तोंड फिरवलं. असं म्हणतात, पुढे तिला ठोका द्यावाच लागला नाही. तुकडा आपणहून फिरत फिरत वर आला आणि तिच्या पदरात पडला. नवा बोल्ट बसला, पाटात पाणी धावलं आणि त्याच घटकेला पालातून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं.

"ठकूबाई," पाटील म्हणाले, "पालं इथंच राहू द्या." संध्याकाळी त्यांच्या घरून बाळंतविडा गेला.

आजही निंबदऱ्यात पाणी सोडायच्या दिवशी गावातली गरोदर बाई त्या बोल्टवर करडईचं तेल सोडते. मग चाक आधी बंद करायच्या बाजूला जरासं फिरवतात. नवखा माणूस हमखास ओरडतो, "अहो, उलटं फिरवताय!"

तेव्हा अख्खा गाव हसून सांगतो, "एवढा फेरा ठकूबाईचा. पुढचे आमचे."