शेवटच्या उंबऱ्याचा चंद्र

एका राज्यात एक नगर होते. नगर कसले, डोंगरांनी ओंजळीत धरलेले घोटभर पाणीच म्हणा ना! पूर्वेला उभा काळा कडा, पश्चिमेला खिंड, आणि मधल्या उतारावरून पायरी पायरीने उतरत आलेल्या आळ्या. सर्वांत वर राजवाडा, त्याखाली पेठ, त्याखाली विणकर आळी आणि अगदी तळाला, कड्याच्या पायाशी, कुंभारखळगा.

त्या नगरीत चंद्र सर्वांना एकदम दिसत नसे. कड्याआडून तो वर सरकला की आधी राजवाड्याच्या सज्जातून दिसे, मग पेठेतून, मग विणकरांच्या अंगणातून. खळग्यातल्या शेवटच्या घराला तो दिसेपर्यंत वरच्या आळ्यांत भात निवून गोळा होई. म्हणून नगरीची एक रीत होती. वद्य चतुर्थीला सगळे नगर उपास करी, आणि शेवटच्या घरातून "आलाऽऽ!" अशी हाक येईपर्यंत कुणी घास उचलत नसे. हाक गच्चीवरून गच्चीवर चढत राजवाड्याला पोचे. मग राजापासून रंकापर्यंत पाने वाढली जात. पेठेतला दामा तेली तेवढा भिंतीकडे तोंड करून गुपचूप केळे खाई, आणि वर सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडे, "काय हो, अजून नाही का आला?"

शेवटचे घर चिमाक्काचे. हाकही तिचीच. तिच्या हाताखाली वाढलेला धाकटा भाऊ म्हणजे लखमशेट, मिठाचा व्यापारी. बारा वर्षांमागे एका पुनवेच्या पहाटे, चंद्र पश्चिमेच्या खिंडीत मावळत असताना, त्याने मिठाच्या गोणी बैलांवर लादल्या होत्या. अक्का खिंडीपर्यंत पोचवायला आली होती. "चंद्र मावळला की उगवतो हो," ती म्हणाली होती, "तुझे काही सांगता येत नाही."

आणि झालेही तसेच. कुठे पूर आला, कुठे दोन राजांची लढाई जुंपली, कुठे वाटाच बंद झाल्या. मुक्कामाला चुली पेटल्या, की लखमशेट सोबतच्या व्यापाऱ्यांना सांगे, "तुमच्याकडे चंद्र नुसता उगवतो. आमच्याकडे तो घरोघर येतो." ऐकणारे हसत. तो मात्र कड्याची रेघ आठवत राखेत बोटाने काढी आणि तिच्यावर एक खडा ठेवी.

शेवटी साठी गाठल्यावर एकदा वाट मोकळी झाली. वद्य प्रतिपदेच्या संध्याकाळी बैल खिंडीत शिरले. समोर कड्यावर चंद्र नुकताच वर आलेला. लखमशेटचे डोळे भरून आले. त्याने वेशीच्या आत पाय टाकला, तो चंद्र नाहीसा झाला. पाय मागे घेतला, चंद्र होता. पुन्हा पुढे टाकला, नव्हता. तिसऱ्यांदा तो पाय उचलणार, तेवढ्यात वेशीवर बसलेला पिंगळा पक्षी हसला.

"शेट, पाय झिजवून काही उपयोग नाही. चंद्र बाहेरच राहणार."

"हे कधीपासून?"

"तू गेलास त्याच वर्षापासून. राजा कनकसेनाला भूक लागली होती, एवढीच गोष्ट."

मग पिंगळ्याने सगळे सांगितले. मातीत हात घालणाऱ्यांच्या हाकेसाठी राजाने ताटावर खोळंबून बसावे, हे कनकसेनाला सोसेना. त्याच वेळी करालजोगी नावाचा जादूगार आला. त्याने एका शापित खजिन्यातले रुपेरी तबक काढून मनोऱ्यावर टांगले. राजाने टाळी वाजवली की ते चंद्रासारखे उजळे. तबक उजळले, नगारा वाजला, नगर जेवले. खळग्याच्या हाकेची वाट कुणी पाहिली नाही. चंद्र रुसला. तो परत येऊन तबक फिके पाडू नये म्हणून जोग्याने मनगटावरच्या काळ्या दोऱ्यात त्याच्या वाटेची गाठ मारून टाकली. तेव्हापासून चंद्र नगरीला वळसा घालून जातो.

"यावर उपाय?"

"तीन आहेत. खोटा चंद्र खाली उतरला पाहिजे. जोग्याने आपल्या हाताने गाठ सोडली पाहिजे. आणि जो आधी जेवला, त्याने सर्वांत शेवटी जेवले पाहिजे."

"एवढे करायचे कुणी?"

"ज्याला घाई नाही त्याने," पिंगळा म्हणाला आणि पंखात मान घालून झोपला.

लखमशेट घरी गेला. चिमाक्का उंबऱ्यावर बसली होती, वाळलेल्या फांदीसारखी. पावलांच्या आवाजावरूनच तिने ओळखले. "लखूच ना रे? डावा पाय अजून घासतोस." तिने त्याच्या तोंडावरून, मिशांवरून बराच वेळ हात फिरवला.

"अक्का, किती वाळलीस गं!"

"दर चतुर्थीला हाक न देताच उपाशी झोपते. सकाळी घोटभर दूध. आता कंटाळा आला बघ. येत्या चतुर्थीला तो उगवला तर जेवीन. नाही उगवला, तर पुन्हा चूल पेटवायची नाही असे ठरवले आहे."

लखमशेटला ठाऊक होते, अक्काचे ठरवणे म्हणजे भाजलेले मडके. पुन्हा ओले होत नाही. चतुर्थी तीन दिवसांवर होती. "आणतो मी त्याला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो दरबारात उभा राहिला. राजा कनकसेन म्हातारा झाला होता. समोर पंचपक्वान्ने होती, पण तो जेवत नव्हता, नुसती चिवडत होता.

"महाराज, चंद्र परत आणीन म्हणतो. आपला मनोरा, आपली परवानगी, आणि चतुर्थीला आपण स्वतः, एवढे पाहिजे."

राजाने ताट दूर सारले आणि म्हणाला, "त्या दिवसापासून जिभेला चव नाही, शेट. साऱ्या नगराबरोबर जेवत होतो तेव्हा निवलेला भातही गोड लागे. जा, कर. पण नगरीला फुकटची आस लावलीस आणि फसलास, तर वेस ओलांडायची. पुन्हा यायचे नाही."

"मान्य."

पहिले काम मनोऱ्यावरचे. त्या तबकाची करणी अशी होती की ज्याला जेवढी घाई, त्याला ते तेवढे जड. चार पहिलवान ते उतरवायला गेले आणि कंबरा धरून खाली आले. लखमशेट वर चढला आणि तबकापाशी मांडी घालून बसला. चाळीस वर्षे तो बैलांच्या पावलाने चालला होता. बैल रस्त्यात बसला तर मारण्यात अर्थ नसतो, आपणही बसावे, हे तो जाणून होता. एका भर ओढ्यात त्याचा ढवळ्या बैल असाच बसला होता. लखमशेटने गोणी उतरवून काठावर नेल्या आणि पाण्यात पाय सोडून त्याच्याशी दुपारभर गप्पा मारल्या. तशाच त्याने तबकाशी मारल्या. ऊन आले, गेले. पाखरे परतली. संध्याकाळी त्याने हात घातला, तर तबक पापडासारखे हलके झाले होते. काखेत मारून तो खाली आला.

दुसरे काम करालजोग्याचे. जोगी कड्यातल्या गुहेत राही आणि बारा महिने अळणी खाई. ज्याचे मीठ खाल्ले त्याचा शब्द मोडता येत नाही, हा नियम त्या राज्यात जादूगारांनाही लागू होता.

लखमशेट गुहेच्या तोंडाशी जाऊन बसला. दोन हिरव्या कैऱ्या काढल्या. चाकूने लांब फोडी केल्या. पानावर मीठ ओतले, त्यात लाल तिखट कालवले.

"कोण रे तू?" आतून आवाज आला. "दगड करून टाकीन."

"करा की. एवढी कैरी तेवढी संपवू द्या."

कर्रकन दात बसला. लखमशेटने डोळे मिटून जिभेचा टाळ्यावर आवाज केला. दुसरी फोड. तिसरी. जोगी दाराशी आला. चौथ्या फोडीला त्याने आवंढा गिळला.

"फार आंबट आहे का?"

"दात शिवशिवतात, महाराज."

"एक दे."

"नुसती देऊ, की लावून?"

जोगी मंत्र आठवू लागला, नियम आठवू लागला. पण तोंडाला सुटलेले पाणी काही आठवू देईना. "लावून," तो हळूच म्हणाला.

फोड संपल्यावर लखमशेट म्हणाला, "महाराज, माझे मीठ खाल्लेत. आता दोऱ्याची गाठ सोडा." जोग्याने कपाळावर हात मारला, आणि दातांनी गाठ सोडली. मग उरलेल्या फोडीही त्याने मागून घेतल्या. सुटायचे ते सुटलेच होते.

तिसरा दिवस चतुर्थीचा. दिवे लागायच्या वेळी राजा कनकसेन पायी चालत खळग्यात उतरला. एवढ्या खाली तो कधी आलाच नव्हता. चिमाक्का उंबऱ्यावर होती. ती उठली नाही.

"राजे आलेत, अक्का," लखमशेट म्हणाला.

"येऊ देत. बस हो बाबा. वेळ आहे अजून."

राजा ओट्यावर बसला. मागोमाग त्याचे झाकलेले ताट आले. वर सगळ्या गच्च्या माणसांनी भरल्या होत्या. कुणी काही तोंडात घालत नव्हते. दामा तेलीसुद्धा केळे न सोलता हातात धरून होता म्हणतात. आणि एकाएकी राजवाड्याकडून कल्लोळ उठला. "दिसलाऽऽ!" बारा वर्षांत वर न पाहिलेली माणसे रडू लागली. आचारी वाकून म्हणाला, "महाराज, वाड्यावर दिसला. आपण बसून घ्यावे." राजाचा हात ताटाकडे गेला. मग त्याने तो मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

मग पेठेला दिसला. मग विणकरांना. आणि शेवटी कड्याच्या काठावर उजेडाची कडा फुटली. खळग्यातली मडकी एकेक करून उजळली. अक्काच्या पांढऱ्या केसांवर चांदणे आले.

पण हाक आली नाही.

वर सारे नगर कान लावून थांबले होते. "अक्का," लखमशेट कुजबुजला, "आला ना गं!" तिने मान वळवली, पण कड्याकडे नाही, त्याच्या आवाजाकडे. तिच्या डोळ्यांत चंद्र होता, तिला मात्र तो दिसत नव्हता. तेव्हा कुठे लखमशेटच्या ध्यानात आले, की तिने त्याला पावलांवरून का ओळखले, हाताने का चाचपले. तीन दिवस तो चंद्रामागे धावत होता. अक्काकडे त्याने धड पाहिलेही नव्हते.

"बोलली का नाहीस?"

"तू आणतोस म्हणालास. म्हटले, आण आधी." मग ती राजाकडे हात करून म्हणाली, "न पाहता खोटी हाक मी द्यायची नाही. बाबा, तू सगळ्यांच्या आधी पाहणारा ना? मग माझ्यासाठी बघ, आणि सांग."

राजा कनकसेन उठला. तिच्या पायरीवर, तिच्या खांद्याला खांदा लावून बसला. "कड्याच्या डाव्या कोपऱ्यावर आहे, अक्का. खाली झुडपाची फांदी आडवी आली आहे. रंग पिवळसर, तव्यावरून नुकत्या उतरलेल्या भाकरीसारखा. आणि वरून एक तुकडा कुणी मोडून नेलाय."

अक्का हसली. "भुकेल्याला भाकरीच दिसायची! पण खरे सांगितलेस. चतुर्थीचा असाच असतो." आणि तिने छाती भरून हाक दिली, "आलाऽऽऽ!"

हाक विणकरांनी घेतली, पेठेने घेतली, वर राजवाड्याच्या कळसावर जाऊन ती थांबली. सगळ्या नगरात पाने वाढल्याचा आवाज झाला. खळग्यातल्या शेवटच्या माणसाने घास घेतल्यावर राजाने आपला घेतला, आणि घास तोंडात तसाच धरून तो रडला. चव परत आली होती. चिमाक्काने मात्र पहिल्याच घासाला तोंड वाकडे केले होते.

"लखू, बारा वर्षे मीठ विकत हिंडलास, आणि वरण अळणी?"

वरण रांधताना गडबडीत लखमशेट मीठ घालायचेच विसरला होता.

शाप उतरला तसे ते तबक साधे कथलाचे झाले. खळग्यातल्या कोंबड्या त्यात पाणी पिऊ लागल्या. राजाने जुनी रीत पुन्हा चालू केली, आणि तिला एक जोड दिली. दर चतुर्थीला राजाने खळग्यात उतरायचे आणि शेवटच्या उंबऱ्यावरून चंद्र कसा दिसतो ते मोठ्याने सांगायचे. कनकसेनानंतरच्या राजांनीही ती पाळली. काहींना वर्णन साधत नसे. लोक हसत, पण थांबत.

पुढच्या पुनवेच्या पहाटे चंद्र पश्चिमेच्या खिंडीत टेकला. लखमशेटचे बैल सवयीने उठून उभे राहिले आणि त्याच्याकडे पाहू लागले. अक्का आतून म्हणाली, "मावळला का रे?"

"मावळतोय. खिंडीत अर्धा आहे. आता चिमूटभर. गेला."

"आणि तू?"

लखमशेटने बैलांपुढे कडबा टाकला. "मी इथेच आहे, अक्का. संध्याकाळी सांगायचा आहे ना तुला, उगवताना."